एका भिंगाची तक्रार

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. पितळी कडे, शिसवी मूठ आणि मध्ये तळहाताएवढी काच. रीत अशी, की मी आधी माझा जन्म सांगावा. पण गेले काही आठवडे माझ्या मनात एकच सकाळ अडकून बसली आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचे काही सुचत नाही.

त्या सकाळी विशेष असे काहीच नव्हते. टेबलावर ऊन आले होते, चहाच्या कपावर बशी झाकलेली होती आणि म्हातारे प्राध्यापक मला कागदावरून हळूहळू सरकवत होते. जन्मभर त्यांनी संस्कृत काव्य शिकवले. आता काव्यशास्त्रावरचे त्यांचे शेवटचे पुस्तक छापायला जायचे होते आणि त्याची प्रस्तावना त्यांनी लेकीकडून लिहून घेतली होती. लेक समोर पर्स मांडीवर घेऊन बसली होती, कामावर निघायच्या तयारीत. मला एका वाक्यावर थांबवण्यात आले. बाबांवर आपले फार प्रेम आहे, असे तिने सरळ लिहून टाकले होते. प्राध्यापकांनी त्यावर पेन्सिलीने आडवी रेघ ओढली.

"हा दोष आहे," ते म्हणाले. "भावनेचं नाव घेतलंस की रस गेला."

"मग काय लिहू?"

"चहा गार झाला तरी तू उठत नाहीस, असं लिही. ज्याला कळायचं त्याला कळेल."

"आणि ज्याला नाही कळणार?"

"तो माझं पुस्तक कशाला विकत घेतोय?"

ती हसली, पण ओठांपुरतीच. दारात चपला घालताना म्हणाली, "आपण घरात राहतो बाबा, श्लोकात नाही." यावर रविवारी भांडू, असे त्यांनी मान वर न करताच सांगितले.

आता माझा जन्म. चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत एका कारागिराने मला घासून घासून घडवले. प्राध्यापक तेव्हा विद्यार्थी होते. हस्तलिखितांतली मुंगीएवढी अक्षरे वाचता यावीत म्हणून त्यांनी मला घेतले. काय दिवस होते ते! झिजलेली काना-मात्रा माझ्याखाली आली की पुन्हा उभी राहायची. पुढे त्यांचे विद्यार्थी मला 'सरांचा तिसरा डोळा' म्हणू लागले आणि मी थोडा फुशारलोही.

पण याच टेबलावर माझी फुशारकी उतरली. जुने शास्त्रकार म्हणतात, की दुःख दाखवायचे असेल तर कवीने 'दुःख' हा शब्दच वापरू नये. हातातले कडे सैल होऊन कोपरापर्यंत सरकते, एवढेच सांगावे. बाकी काय ते रसिक ओळखतो. शब्दांच्या पलीकडे असा जो अर्थ उमटतो, त्याला ते ध्वनी म्हणतात. मित्रांनो, माझी पंचाईत लक्षात घ्या. मी लिहिलेला शब्द मोठा करणारा, आणि इथे सगळे मोल न लिहिलेल्या शब्दाचे!

तरी कवितेत ते शोभते, हे मी मान्य करतो. माझी तक्रार वेगळी आहे. प्राध्यापकांनी ते शास्त्र टेबलावरून उचलून घरभर पसरले. बायको गेली तेव्हा ते एका अक्षराने बोलले नाहीत. घड्याळ मनगटावरून घसरू लागले, म्हणून त्यांनी पट्ट्याला तापवलेल्या सुईने एक नवे भोक पाडले, इतकेच. लेक तेव्हा शाळेत होती. तिने ते भोक पाहिले आणि त्या दिवसापासून त्यांच्या ताटात थोडे जास्त वाढू लागली. प्राध्यापकांच्या बहिणीला, म्हणजे तिच्या आत्याला, हे बघवेना. "दोघं बापलेक एकमेकांना वाचत बसा," ती म्हणाली, "बोलू नका अगदी." दोघांनीही ते कौतुक समजून सोडून दिले. मला मात्र तेव्हाही चीड आली होती.

तो रविवार आलाच नाही. त्याआधीच ते न्हाणीघरात कोसळले. लेकीने घाईघाईने पिशवी भरली. त्यात टॉवेल होता, पंचा होता, मीही होतो. दवाखान्यात नर्सने त्यांचा चष्मा काढून माझ्याशेजारी टाकला आणि पिशवी खुर्चीवर ठेवली. पिशवीच्या उघड्या तोंडातून मला सगळे दिसत होते.

लेकीने काय नाही केले? पांघरूण चारदा सारखे केले. ओठांना ओला कापूस लावला. वाढलेली नखे कापली, तीही किती जपून. सगळे कसे शास्त्राला धरून. एकही भावना नावानिशी नाही. पण अगं, त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता! चष्म्याशिवाय त्यांना तुझा हात आणि नर्सचा हात सारखाच. जो बघूच शकत नाही, त्याने तुझ्या खुणा ओळखायच्या कशा? त्यांना फक्त ऐकू येत होते.

"कोण आहे?" त्यांनी विचारले.

"मी आहे, बाबा."

त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि तशीच ठेवली. ते वाट बघत होते, हे माझ्यासारख्या काचेलाही कळले. लेकीने उशी नीट केली. मी पिशवीत तळमळलो. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, की बोल, दोष लागू दे, पण बोल! दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून काय ते सांगितले.

घरी आल्यावर मी टेबलावर पडून राहिलो. माणसे येत होती, सरांची विद्वत्ता सांगत होती, जात होती. माझ्यावर धूळ बसली, मूठ सैल झाली. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगून मी रजा घेणार होतो. पण खरे सांगू? मला नाही पुसलेत तरी चालेल. तुमच्या घरात कोणाची नजर मंदावली असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि मनातले शब्दांत सांगा. माणूस म्हणजे काही श्लोक नव्हे, की पुढच्या पिढीलाही वाचता येईल.

काल दुपारी लेक त्यांच्या खुर्चीत बसली. रेघ मारलेला कागद समोर होता. आत्या दारात येऊन म्हणाली, "प्रकाशकाचा फोन आहे. ते वाक्य ठेवायचं की काढायचं, विचारतोय."

"काढायला सांग," लेक म्हणाली. "पुस्तक त्यांचं आहे. त्यात दोष नको."

आत्या वळली, पण गेली नाही. कारण लेकीने कागद बाजूला सारला होता आणि समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत, ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलू लागली होती.

"बाबा, मला तुमचा राग आलाय. आणि मला तुम्ही हवे आहात. फार हवे आहात."