बाहेरच्या फाटकावरची मोजणी

वन्संनी मला स्वयंपाक नाही, गाड्या मोजायला शिकवलं. नणंदबाई म्हणजे या घरातलं शेवटचं कोर्ट, हे आमच्या ह्यांनी लग्नाआधीच बजावलं होतं. वन्संनीच मला त्यांच्या साहेबांकडे कामाला लावलं. कुठे गोदाम उभं राहायचं असलं की रस्त्यावर किती वाहनं वाढतील याचा अंदाज साहेब काढून देतात, आणि त्यासाठी रस्त्याकडेला खुर्ची टाकून आम्ही मोजत बसतो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.

या वेळचं गोदाम आमच्याच घरामागे यायचं होतं. त्या कंपनीची दोन गोदामं तिथं आधीपासून होती, त्यांचे ट्रक मोजून तिसऱ्याचा अंदाज काढायचा होता. ट्रक मर्यादेबाहेर निघाले तर कंपनीला स्वतःचा वेगळा रस्ता बांधावा लागणार, नाहीतर नवे ट्रक आमच्या गल्लीतून. ते नगरपालिकेच्या सुनावणीत ठरायचं होतं. गल्लीत दोन मोटारी समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, आणि माझी मुलगी त्याच गल्लीतून शाळेत चालत जाते. हे सगळं मी काम घेण्याआधीच साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "तुम्ही आतल्या फाटकावर आत येणारी वाहनं मोजा, नणंदबाई बाहेरच्या फाटकावर बाहेर जाणारी मोजतील. दोन्ही जुळलं की कोणाला बोलायला जागा नाही."

जुळलं नाही. माझ्या मोजणीतले कितीतरी ट्रक आत गेले ते बाहेर आलेच नव्हते.

"राग मानू नका ताई," साहेब म्हणाले, "पण तुम्ही राहता त्या गल्लीत. मी अहवालात तुमच्या नणंदेचा आकडा धरलाय." तो आकडा मर्यादेच्या आत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रक काय गोदामाने गिळले? दुसऱ्या दिवशी बिनपगारी जाऊन बाहेरच्या फाटकाशी उभी राहिले, आणि थोड्याच वेळात काय ते कळलं. ट्रेलर आत येतो, मागचा मालाचा डबा गोदामात सोडतो आणि पुढचा इंजिनाचा भाग तेवढा बाहेर पडतो. ड्रायव्हर त्याला नुसतं डोकं म्हणतात. तशी डोकी एकामागून एक निघत होती.

घरी आले तर वन्सं आमच्याकडे येऊन भाजी चिरत बसल्या होत्या.

"वन्सं, नुसतं डोकं बाहेर आलं तर तुम्ही कशात धरलंत?"

"लहान गाड्यांत. मागे काहीच नव्हतं ना."

हा त्यांचा जुना नियम. आधी मागे काय ओढतोय ते बघायचं, मग रेघ मारायची. मोठ्या रस्त्यावर त्याने कधी अडलं नव्हतं, कारण तिथं असं डोकं एकटं फारसं दिसतच नाही. आतल्या फाटकावर तशी डोकी आली तेव्हा मी ती ट्रकांत धरली होती. वन्संना विचारलं नाही, कारण विचारलं की व्याख्यान ऐकावं लागतं.

"ते ट्रकच आहे वन्सं. गल्लीत शिरलं तर ट्रकाएवढीच जागा अडवेल."

सुरी थांबली. "माझी मोजणी आजवर कोणी चुकीची म्हटलेली नाही."

"मग मी सुनावणीत म्हणते."

"तू म्हणालीस तर कोण ऐकणार? राहते तिथे म्हणून बोलते म्हणतील."

"म्हणू देत. मी बोलणार."

वन्सं भाजी तशीच टाकून आपल्या घरी निघून गेल्या. ह्यांनी शहाण्यासारखं गुपचूप जेवून घेतलं.

सुनावणीला वन्सं माझ्याआधी येऊन मागच्या रांगेत बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. साहेबांनी अहवाल वाचला. मी उठून डोक्यांचं सांगितलं. कंपनीचा माणूस हसला. "बाईंचं घर गल्लीत आहे. आणखी काय बोलणार त्या?"

दोन-चार जण हसले. मी बसले नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, तेवढ्यात मागे खुर्ची सरकली.

"बाहेरच्या फाटकावर मी होते," वन्सं म्हणाल्या. "माझं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, मला या गल्लीचं काही नाही. तिची मोजणी बरोबर आहे. माझी चुकली."

साहेबांची मान खाली गेली. आपल्या सगळ्यात भरवशाच्या माणसाने भरसभेत असं म्हटल्यावर ते तरी काय करणार? मोजणी पुन्हा घ्यायचं ठरलं. मोजायला दुसरी माणसं आली, आकडा मर्यादेच्या बराच वर गेला, आणि वेगळ्या रस्त्याची अट कंपनीवर कायम झाली.

महिनाभराने नव्या कामासाठी साहेबांचा फोन आला. मला एकटीला.

"नणंदबाईंना?" मी विचारलं.

"त्यांचं आता जरा अवघड आहे, ताई. सगळ्यांसमोर कबूल केलंय ना त्यांनी."

"कबूल केलं म्हणूनच तुमचा अहवाल दुरुस्त झाला. आम्ही दोघी येऊ, नाहीतर कोणीच नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

वन्सं दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं.

"मूर्ख आहेस," त्या म्हणाल्या. "हातचं काम घालवलंस."

"घालवलं."

मग त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि मोजणीचंच काम देणाऱ्या दुसऱ्या एका साहेबांचा नंबर लावला. "आम्ही दोघी आहोत," त्या म्हणाल्या. "आणि चूक झाली तर सांगतो."