खोङचं नाव

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला छाय-युनने जेवणाच्या टेबलावरचे वाडगे उचलले आणि मधोमध फोन आणून ठेवला. वायर पुरेना, म्हणून टेबलच भिंतीकडे ओढलं. एका बाजूला ती बसली, दुसऱ्या बाजूला चाकांच्या खुर्चीत बेन-युआन. फोन जुना, बटणांचा, पिवळा पडलेला. गेल्या वर्षी तो काढून टाकायचं तिने ठरवलं होतं. अर्ज भरायचा राहिला, म्हणून वाचला. आता अख्ख्या क्वानम्याव गावात ज्याच्या घरी असा फोन, तो मोठा माणूस झाला होता.

कारण पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार याच फोनवर ठरणार होता. पक्ष सत्तेत होता, उभे दोघे होते: उपराष्ट्राध्यक्ष जुआङ बाई आणि माजी महापौर फान. ना मतपेटी, ना अधिवेशन. सोमवार, मंगळवार, बुधवार, तीन संध्याकाळी देशभरातल्या कुठल्याही घरी फोन वाजेल, लोक काय सांगतात ते टिपलं जाईल, आणि ज्याचा आकडा मोठा त्याला तिकीट. मोबाइल चालणार नाही. दोघांमधलं अंतर अर्धा टक्का. एकाच वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फान पुढे होता आणि तिसऱ्या पानावर जुआङ.

फोनच्या डाव्या अंगाला चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी, दिराच्या अक्षरात:

    फान की खोङ, असं विचारलं तर: फान.
    जुआङ की खोङ, असं विचारलं तर: खोङ.
    दुसरं विसरायचं नाही!

उजव्या अंगाला दुसरी चिठ्ठी. ही मुलीने तैपेईहून सांगितली, छाय-युनने लिहून घेतली:

    जुआङ की खोङ: जुआङ.
    फान की खोङ: खोङ.
    आई, काकांचं ऐकू नकोस.

खोङ हा समोरच्यांचा उमेदवार. या घरात त्या पक्षाचं नाव घेत नसत, "समोरचे" म्हणत. चाळीस वर्षं झाली. बेन-युआनचा उजवा कान समोरच्यांच्या राज्यातल्या पोलिसाच्या दंडुक्याने गेला, एक्केचाळीस दिवस कोठडी झाली. तेव्हापासून टीव्हीवर त्यांचा माणूस दिसला की तो उठून बंद करायचा. आता उठता येत नव्हतं, तर छाय-युन उठून बंद करायची.

चिठ्ठी लावायला दीर बेन-हे स्वतः आला होता. तो वॉर्डप्रमुख, फानच्या गटाचा. छाय-युनने ती चिठ्ठी दोनदा वाचली.

"भावजी, खोङ समोरच्यांचा ना?"

"हो."

"मग त्याचं नाव मी कशाला घेऊ?"

त्याने समजावलं. हे मत नव्हे, फोनवर नुसतं म्हणायचं. खरं मत जानेवारीत, तेव्हा सगळे एक. आत्ता दोघांनाही समोरच्याशी जोडून विचारणार. खोङपुढे ज्याचा आकडा मोठा, तो जिंकला. म्हणजे फानला वर काढायचं तर जुआङ बाईंच्या प्रश्नाला खोङ म्हणायचं. त्यांचा आकडा तेवढाच खाली.

"आपल्याच बाईला पाडायला समोरच्याला धरायचं?"

"पाडायला नव्हे हो वहिनी. फानला चढवायला."

मुलीने फोनवर हेच सांगितलं, फक्त उलटं. छाय-युनला वाटलं होतं की शिकलेली पोर काहीतरी वेगळं सांगेल.

पण तिची अडचण चिठ्ठ्यांची नव्हतीच. तिची अडचण खुर्चीत बसली होती. हा पक्ष काढणाऱ्यांत गावातून बेन-युआन पहिला होता. तो सांगायचा आणि घर मत द्यायचं. वादही तोच घालायचा, दोन्ही बाजूंनी. गेल्या ऑगस्टमध्ये शेवयांच्या चाळण्या उन्हात मांडता मांडता तो खाली बसला तो उजव्या अंगाने लुळा होऊनच उठला. वाचा गेली. आणि जुआङ विरुद्ध फान हे भांडण सुरू झालं मार्चमध्ये. म्हणजे त्याचं मत काय, हे त्याने कधी सांगितलंच नव्हतं. फोन आलाच तर या घराचं एकच उत्तर जाणार होतं, आणि ते त्याचं असावं, एवढंच तिला हवं होतं. ते शोधायचं कुठे?

फानच्या पहिल्या चार निवडणुकांत भोंग्याचा ट्रक बेन-युआनने चालवला. फान तेव्हा शेजारच्या गावात मास्तर होता, याच अंगणात शेवया खाऊन गेला होता.

कोठडीत असताना दर गुरुवारी पिशवीभर पेरू घेऊन येणारी तरुण वकील म्हणजे जुआङ बाई.

भिंतीवर फोटो होता. मध्ये बेन-युआन, एका खांद्यावर फानचा हात, दुसऱ्या खांद्यावर जुआङ बाईंचा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधला माणूस हसतोय.

तिने सगळे प्रयोग करून पाहिले होते. दोघांची पत्रकं समोर धरली: त्याने डाव्या हाताने दोन्ही घेतली आणि मांडीवर नीट एकावर एक ठेवली. हो असेल तर एकदा टेबल वाजवा, नाही असेल तर दोनदा, असं सांगितलं: त्याने तीनदा वाजवलं. मग पाणी दिलं, तर प्यायला. टीव्हीवर जुआङ बाई दिसल्या, तर डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटलं, सापडलं. त्यानंतर लगेच साबणाची जाहिरात लागली, तेव्हाही आलं. डॉक्टर म्हणाले होते, या आजारात रडू असंच येतं, त्यातून काही काढू नका.

सोमवारी फोन पाच वेळा वाजला. त्यातले तीन दिराचे.

"आला का फोन?"

"तुमचाच आलाय. लाइन अडवून ठेवू नका."

चौथा कुणा सांधेदुखीच्या औषधवाल्याचा. पाचवा चुकीचा, पलीकडच्या बाईला अननसाची गाडी हवी होती. छाय-युन प्रत्येक वेळी ताठ बसून, घसा साफ करून फोन उचलत होती. साडेनऊला तिच्या लक्षात आलं की ती संध्याकाळपासून न्हाणीकडेसुद्धा गेलेली नाही.

मंगळवारी तिच्याकडे एकही आला नाही. पण गल्लीच्या टोकाला बी-जूकडे आला, आणि सकाळपर्यंत तिच्या दारात लॉटरी लागल्यासारखी माणसं जमली. बी-जूच्या फोनपाशी चार चिठ्ठ्या होत्या, भाच्याची वेगळी, जावयाची वेगळी. घंटा वाजल्यावर ती इतकी गांगरली की दोन्ही प्रश्नांना खोङ म्हणून मोकळी झाली. आता फानवाले आणि जुआङवाले दोघेही तिच्याशी बोलत नव्हते. "समोरचे तरी बोलतील," असं तीच म्हणाली म्हणे.

बुधवारी दुपारी छाय-युन अंगणात शेवयांच्या गुंड्या उलटत होती. रस्त्यावरून भोंग्याची गाडी गेली. गाडीत फान नव्हता, त्याचा आवाज होता, टेपवरचा. सावलीत बसलेल्या बेन-युआनने हनुवटी वर केली. गाडी वळेपर्यंत वरच ठेवली.

छाय-युन हातातली चाळणी तशीच धरून उभी राहिली. अर्ध्या तासाने जुआङ बाईंची गाडी जाईल तेव्हा काय होतं ते पाहावं, म्हणून थांबली. गाडी आलीच नाही. मग तिने ठरवलं: फान. हनुवटीएवढाच पुरावा होता. दहा महिन्यांत त्याहून जास्त मिळालाही नव्हता.

उजवीकडची चिठ्ठी तिने काढून खिशात घातली.

सात वाजून दहा मिनिटं. बांबूच्या कोंबांचं सूप निवत ठेवलेलं. घंटा.

"नमस्कार, आम्ही राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसंबंधी सर्वेक्षण करतोय." कुणा अनोळखी मुलीचा आवाज, थकलेला, वाचून दाखवणारा. "घरात वीस वर्षांवरची माणसं किती?"

"दोन."

त्यातलं वयाने लहान कोण?

"मी. एकसष्ट."

मग तुमच्याशीच बोलायचंय, असं ती मुलगी म्हणाली. छाय-युनने सांगितलं की ती बोलेल, पण उत्तर ह्यांचं असेल, ह्यांना बोलता येत नाही, हे पक्षाचे फार जुने आहेत. पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. दुसऱ्याचं उत्तर घेता येत नाही, मुलगी म्हणाली. नियम आहे.

"म्हणजे फोन ठेवू?"

"नको नको, मावशी. तुमचं स्वतःचं सांगा ना."

छाय-युनने चिठ्ठीकडे पाहिलं. मग म्हणाली, विचारा. आणि बेन-युआनच्या चांगल्या कानाला ऐकू जावं म्हणून प्रत्येक प्रश्न ती मोठ्याने परत म्हणू लागली.

"उद्या निवडणूक झाली, आणि उभे राहिले जुआङ आणि खोङ..."

"उद्या निवडणूक झाली," छाय-युन बेन-युआनकडे बघत म्हणाली, "आणि उभे राहिले जुआङ आणि खोङ..."

"तर तुम्ही कोणाला मत द्याल?"

"तर मी कोणाला मत देईन?"

दुसरा प्रश्न पहिला आला होता. चिठ्ठीत फान वर होता, खोङ खाली; तिने घोकलं होतं ते त्याच क्रमाने. ती चिठ्ठीची खालची ओळ शोधू लागली. बोट ठेवलं. या घरात, या टेबलावर, ह्यांच्यासमोर ते नाव तिला म्हणायचं होतं. आणि म्हणायचं कशासाठी, तर पेरू घेऊन येणाऱ्या बाईला खाली ओढायला, आणि तेही ह्यांच्याच वतीने.

"मावशी?"

"खो..." छाय-युन म्हणाली.

बेन-युआनचा डावा हात आला आणि फोनच्या खटक्यावर पडला.

लाइन गेली. हात तिथेच राहिला, जड, पालथा. तिने तो उचलला तेव्हा कानात नुसता लांब सूर होता.

आता याचा अर्थ:

    एक, तो जुआङ बाईंच्या बाजूचा होता आणि बायको त्यांच्याविरुद्ध बोलतेय हे त्याला कळलं.
    दोन, तो फानच्या बाजूचा होता, पण त्याच्यासाठीसुद्धा समोरच्याचं नाव या घरातून जाऊ देणार नव्हता.
    तीन, त्याला सूप हवं होतं.
    चार, सांगता येत नाही.

तिने सूप वाडग्यात ओतलं. त्याने वाडगा ढकलला. म्हणजे तीन नव्हतं.

"मग जुआङ म्हणायचं होतं का?" तिने विचारलं.

त्याच्या घशातून आवाज आला, खरखरीत, रागाचा.

"म्हणजे फानच ना? मग मी तेच करत होते की."

तोच आवाज, जरा वरच्या पट्टीत.

"खोङ म्हटल्याशिवाय फान होत नाही. भावजींनी सांगितलंय तसं. नियम मी नाही केले."

तो टेबल वाजवू लागला. एकदा नाही, दोनदा नाही, सारखा. छाय-युनही वाजवू लागली. तुम्हाला मार्चपर्यंत कळ काढता आली नाही, ती म्हणाली, आणि म्हणताना हे किती वेडगळ आहे ते तिला कळलं, पण थांबता आलं नाही. दोघांना खांद्यावर हात ठेवू दिलात, एकाचा तरी झटकायचा होता. फोटोत हसायला काय झालं होतं? तो तोंडाने जे काही करत होता त्याला शब्द नव्हते, पण तो शिवी देत होता याबद्दल तिला शंका नव्हती. वाडगा सांडला. चिठ्ठी भिजली.

दहापर्यंत ती फोनसमोर बसून राहिली. ती मुलगी परत फोन करेल असं तिला वाटत होतं. अर्धवट उत्तराचं ते काय करतात, कोण जाणे. शेजारी बेन-युआन लाल चेहऱ्याने, मान वळवून बसला होता. फोन वाजला नाही.

गुरुवारी सकाळी आकडे आले. जुआङ बाई, शून्य पूर्णांक तीन टक्क्यांनी.

बेन-हे आठ वाजताच आला. बूट न काढता आत आला, मग आठवलं तसा परत जाऊन काढून आला. गावातून फानच्या बाजूने आणखी दहा उत्तरं गेली असती तरी उपयोग नव्हता, हे त्याला माहीत होतं; तरी तो बोटांवर नावं मोजत होता. मोजणी बी-जूपाशी आली तेव्हा बोट दुमडून तसंच राहिलं. मग त्याने विचारलं, तुमच्याकडे आला होता का?

छाय-युनने सगळं सांगितलं. मधेच लाइन कापली गेली, आणि ती तुमच्या भावाने कापली, हेही.

"दादाने?" तो खुर्चीपुढे उकिडवा बसला. "दादा, तू कोणाकडून होतास? मला राग नाही येणार. सांग."

बेन-युआनने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने बायकोकडे पाहिलं. बेन-हेही मग तिकडेच पाहू लागला, एखाद्या दुभाष्याकडे पाहावं तसं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "खरंच नाही माहीत. माझं विचाराल तर सांगते."

"तुमचं?" बेन-हे म्हणाला. "तुमचं काय होतं, वहिनी?"

छाय-युनने तोंड उघडलं. दिराची चिठ्ठी तिला पाठ होती, मुलीची पाठ होती, नवऱ्याची हनुवटी, हात, आवाज, सगळं पाठ होतं. तिने तोंड मिटलं. फानचा चेहरा आठवून पाहिला, मग जुआङ बाईंचा. पत्रकांतला नव्हे, अंगणातला, कोठडीच्या दारातला. दोघांनीही तिच्याशी बोलताना फक्त ह्यांचीच चौकशी केली होती.

"थांबा," ती म्हणाली. "विचार करू द्या."

दोघे भाऊ थांबले.