एकशे अडतीस बादल्या

पाणीबिल आलं तेव्हा कुसुमबाई शाळेतून नुकत्याच घरी आल्या होत्या. चपला काढायच्या आधीच त्यांनी तो कागद दोनदा वाचला. तीन महिन्यांत सत्तावीस हजार लिटर! आधीची बिलं बारा-तेरा हजारांची असायची. घरात माणसं तीनच. त्या, नवरा रायभान आणि सासू भिवराबाई.

“मीटर बिघडलंय,” त्या म्हणाल्या आणि त्यांना जरा बरंच वाटलं. मीटर दुरुस्त तरी करता येतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या नगरपालिकेत गेल्या. पाणीपट्टीचे कारकून व्यंकटराव शांत माणूस. त्यांनी बिल पाहिलं, जुनी पावती पाहिली.

“बाई, सकाळी पाणी आलं की आधी घरातल्या समद्या तोट्या बंद करा. मग मीटरमधला बारका लाल काटा बघा. तोट्या बंद असून बी तो फिरायला असंल, तर नळी कुठंतरी गळायलीय. न्हाई फिरला, तर आठवडाभर बादल्या मोजा. बादलीत किती लिटर मावतं ते मापून घ्या. आठवड्याचा आकडा तेरानं गुणला की तीन महिन्यांचं निघतं. त्याच्यात अन् बिलात लय फरक पडला, तर मीटर काढून तपासायला पाठवू.”

सकाळी त्यांनी सगळ्या तोट्या घट्ट आवळल्या आणि मीटरवर वाकून बसल्या. लाल काटा हलला नाही. उठताना कंबर धरून उठावं लागलं.

मग मोजणी सुरू झाली. दूधवाल्याचं लिटरचं माप मागून आणलं. लोखंडी बादलीत पंधरा मापं मावली. न्हाणीच्या भिंतीवर त्यांनी खडूनं दोन रकाने पाडले. एक घराचा, एक रायभानचा. हौदातून बादली काढली की एक रेघ.

रायभान रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचा. दिवाळीच्या सुमारास त्याला लकवा झाला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, आणि लघवीचा ताबाही राहिला नाही. तेव्हापासून तो पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या बाजेवर पडून असायचा. दिवसातून तीन-चारदा चादर, लुंगी, खालची गोधडी बदलावी लागे. शाळेच्या आधी एक धुणं, शाळेहून आल्यावर एक. भिवराबाईंच्या हातात पिळायची ताकद उरली नव्हती. त्या फक्त वाळत घालायच्या.

आठवड्यानं कुसुमबाईंनी रेघा मोजल्या. एकूण एकशे अडतीस. पंधरानं गुणलं, तेरानं गुणलं. सव्वीस हजार नऊशे दहा लिटर.

पेन्सिल हातात धरून त्या तशाच बसल्या. मीटर चांगलं होतं. बिल बरोबर होतं. जायचं कुठं आणि भांडायचं कुणाशी?

“काय निघालं गं?” भिवराबाईंनी विचारलं.

“बिल खरं हाय, आत्या. घराच्या चौसष्ट बादल्या, अन् ह्यांच्या एकट्याच्या चौऱ्याहत्तर.” त्या दमून बोलल्या, आवाज खाली आणायचं भान राहिलं नाही. मधे नुसता पडदा होता.

पुढच्या चार दिवसांत धुणं कमी झालं. कुसुमबाईंना हायसं वाटलं. कारण शोधायला त्यांच्यात त्राण नव्हतं. पाचव्या दिवशी रायभानला थंडी वाजून ताप भरला. ओठ सुकून फुटले होते. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून तपासलं, जीभ पाहिली.

“बाई, यांना पाणी देत नाही का तुम्ही? लघवीला जंतुदोष झालाय. दिवसाला दहा पेले तरी पाणी गेलं पाहिजे.”

डॉक्टर गेल्यावर भिवराबाई रडायला लागल्या. “मी पेला भरून ठेवायची. तो म्हणायचा, ठेव, पितो. आज खिडकीखाली चिखल बघितला, समदं तिथंच ओतून द्यायचा. मला वाटलं, पितोय.”

कुसुमबाई बाजेजवळ खाली बसल्या.

“तुमी ऐकलं होतं का?”

रायभाननं मान हलवली. बराच वेळ लावून तो म्हणाला, “चौ... ऱ्याहत्तर.”

‘तसं नव्हतं हो’ असं म्हणणं सोपं होतं, पण ते त्यांना जमेना.

“दमते मी,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू? पिळून पिळून मनगटं सुजलीत. शाळेत खडू धरवत न्हाई. पण म्हणून तुमी तहानेनं मरायचं? त्यानं माझं काय हलकं होणार हाय?”

त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. त्यांनी पदरानं ते पुसलं आणि पेला ओठांना लावला. तो घोट घोट प्यायला. दुसराही प्यायला.

मग म्हणाला, “पंच... फुलाला बोलव.”

पंचफुला त्याची बहीण, पेडगावला दिलेली. कुसुमबाईंनी आजवर तिला एका शब्दानं काही सांगितलं नव्हतं. नोकरी करणाऱ्या सुनेला नवरा सांभाळता येत नाही असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी. त्या दिवशी त्यांनी पोस्टकार्ड घेतलं आणि सरळ लिहिलं: माझ्याच्यानं एकटीनं होत नाही. महिनाभर या.

पंचफुला शनिवारी पिशवी घेऊन आली. भावाकडे पाहून आधी खूप रडली, नंतर भावजयीवर चिडली. “वैनी, चार कोसांवर तर होते मी! चार महिने झाले अन् आता सांगताव?”

“चुकलं माझं,” कुसुमबाई म्हणाल्या. वाद घालायलाही त्यांना बळ नव्हतं.

रविवारी सकाळी चादर ओली झाली. सवयीनं कुसुमबाई उठल्या, तर पंचफुलानं ती आधीच काढून नेली होती. न्हाणीतून आपटण्याचा आवाज येत होता. क्षणभर त्यांना काय करावं ते सुचेना. मग त्या रायभानच्या बाजेशेजारी सतरंजी टाकून आडव्या झाल्या.

दुपारी भिवराबाई जेवायला हाक मारायला आल्या. रायभाननं डावा हात उचलून त्यांना थांबवलं.

“झोपू दे,” तो म्हणाला.