मास्तरांनी शिवलेली खिडकी

मी काच बोलतेय. खिडकीची काच. चष्म्याची नव्हे, ती मंडळी नाकावर बसतात म्हणून त्यांचा तोरा वेगळा. आरशाची तर मुळीच नव्हे. आरशासमोर माणूस तासभर उभा राहतो आणि माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही, सगळे माझ्यातून पलीकडे बघतात. तक्रार करत नाही. तेच माझं काम आहे.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळली, पसरली, थंड झाली आणि मी झाले. मग काचेच्या दुकानात मधे गवत घालून आम्हा बहिणींना भिंतीला टेकवून उभं केलं होतं. तिथून एका म्हाताऱ्या काचवाल्यानं मला उचललं, हिरकणीनं कापलं आणि एका शिंप्याच्या घरी, पुढच्या खोलीच्या खिडकीत नेऊन बसवलं. हिरकणी म्हणजे काच कापायचं हत्यार. तिचं नाव आम्ही बहिणी घेतसुद्धा नाही.

खिडकी मोठी, न उघडणारी, रस्त्याकडे तोंड असलेली. चौकटीत मी एकटीच. माझ्या कडेनं म्हाताऱ्यानं लांबी भरली. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेला गोळा. काच त्यात घट्ट बसते आणि पाणी आत येत नाही. जाताना तो म्हणाला, "मास्तर, हिला तेवढी अधूनमधून बघत जा." मास्तरांनी मान डोलावली. माणसं मान फार छान डोलावतात.

शिंप्याला सगळी गल्ली मास्तर म्हणते आणि त्यांच्या बायकोला वहिनी. मास्तरांचं मशीन बरोबर माझ्यासमोर. सकाळचा उजेड माझ्यातून आत यायचा तो थेट सुईच्या टोकावर पडायचा. मास्तर कोट शिवायचे, वहिनी मागे बसून काजं-बटणं करायच्या. मास्तरांच्या नाकावर माशी बसलेली खपत नसे. टीप केसभर वाकडी गेली तर सगळी उसवायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू द्या हो, कोण बघतंय?" मास्तर म्हणायचे, "मी बघतोय ना."

बाहेरची करमणूक वेगळी. जाणारे-येणारे माझ्यात बघून भांग नीट करायचे आणि आत मास्तर आपल्याकडेच बघताहेत हे कळलं की खोकत पुढे जायचे. एक गृहस्थ रोज थांबून पोट आत ओढून बघायचे. चार पावलं पुढे गेले की पोट पुन्हा आपल्या जागी. मी कुणाला सांगितलं नाही. आज प्रथमच सांगतेय.

अशी बरीच वर्षं सुखात गेली. पण लांबीलाही वय असतं. ऊन खाऊन ती सुकली, तिला भेगा गेल्या आणि एक दिवस खालच्या बाजूचा वीतभर तुकडा गळून पडला. वाऱ्यानं मी थरथरायला लागले. खड्खड् खड्खड्! मास्तरांनी मशीन थांबवलं, माझ्याकडे रोखून बघितलं आणि त्यांच्या डोक्यात जे यायचं तेच आलं. कापडाची कातरणं!

काचवाल्याला बोलवायला नको का? पण नाही. सुताराला जग लाकडाचं दिसतं आणि शिंप्याला कापडाचं. मास्तरांनी खाली पडलेल्या चिंध्या उचलल्या आणि माझ्या फटीत कोंबल्या. वर कात्रीच्या टोकानं ठासल्याही. खडखड थांबली. "बघ, कशी गप्प बसली!" ते वहिनींना म्हणाले. गप्प बसले खरी. तोंडात बोळा कोंबल्यावर कोणीही बसेल.

मग पाऊस पडला. चिंध्या पाणी प्यायल्या, ते पाणी खालच्या लाकडानं घेतलं आणि लाकूड फुगलं. काचेला चारी बाजूंनी थोडी हलायला जागा लागते हो, आम्ही दिसतो कडक, पण जीव एवढासा असतो. एका बाजूनं लाकूड रेटतंय, दुसऱ्या बाजूनं चिंध्या. एका दुपारी सहन होईना आणि माझ्या खालच्या कोपऱ्यातून एक तडा तिरपा वर गेला. टच्च! खोलीत कुणी बोटही लावलं नव्हतं. मास्तरांनी तरी जाहीर केलं, "कुणीतरी दगड मारला." आणि दार उघडून रिकाम्या रस्त्याला चांगलं झापलं.

आता तडा गेलेल्या काचेचं शिंपी काय करणार? ठिगळ लावणार. तड्याएवढी लांब पट्टी कापली, कडा आत दुमडल्या, काठाला बारीक टीपसुद्धा घातली आणि खळ लावून मला चिकटवली. काम सुबक होतं, खोटं कशाला बोलू? पण तडा वाढत गेला, तशा पट्ट्या वाढत गेल्या. दुसरी, तिसरी, पाचवी. शेवटी ठिगळं लोकांना दिसू नयेत म्हणून त्यांनी जाड कापडाचा पडदा शिवला. पडद्याला अस्तरही लावलं. त्यांच्या हातून कुठलीच गोष्ट बिनअस्तराची होत नसे.

आणि मग मास्तरांना दिसेनासं झालं.

हसू नका. मीही तेव्हा हसले नाही. काळ्या कोटाला निळा दोरा लागायला लागला. टीप भरकटायला लागली. सुईत दोरा ओवताना मास्तरांचे ओठ आवळलेले असायचे आणि दोरा सुईच्या बाजूनं निघून जायचा. ते कुणाला काही बोलले नाहीत. फक्त मशीनवर आणखी वाकून बसायला लागले, इतके की कपाळ चाकाला लागायचं.

वहिनींच्या लक्षात आलं होतं. पडदा बाजूला सरकलेला असला की ठिगळांमधून मला मागच्या दारापर्यंतचं घर दिसायचं. दुपारी मास्तर जेवून आडवे झाले की वहिनी कोट उचलायच्या, मागच्या दारात पायरीवर उजेडात बसायच्या, मास्तरांची वाकडी टीप उसवायच्या आणि हातानं बारीक, मशीनसारखी टीप घालायच्या. मास्तर उठायच्या आत कोट पुन्हा खुंटीवर. मास्तर उठून कोटावरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "आज हात छान चालला." वहिनी म्हणायच्या, "चहा टाकू?"

मला रडू येत नाही, आमच्या जातीला ती सोय नाही. पण ते बघताना मला फार वाईट वाटायचं.

शेवटी एक दिवस मास्तरांची कात्री नको तिथे चालली आणि एका कोटाचा छातीवरचा पुढचा भाग चिरून वाया गेला. ते वहिनी तरी कसं जोडणार? मास्तरांनी ते तुकडे टेबलावर जुळवून बघितले. मग म्हणाले, "डोळे गेले माझे. मशीन देऊन टाकू." पलीकडच्या रस्त्यावर एकानं नवं दुकान काढलं होतं, त्याला निरोप गेला. तो परवा सकाळी मशीन बघायला येणार असं ठरलं. वहिनींनी तेलाची बाटली घेतली आणि मशीन पुसत बसल्या. पुसून झालं तरी पुसत होत्या.

मास्तरांना मात्र आता वेगळीच काळजी. "अगं, शिंप्याच्या घरात खिडकीला ठिगळं! तो माणूस बघून काय म्हणेल?" मशीन घरातून चाललंय आणि यांना खिडकीची लाज! त्यांनी पडदा सारला, टेप लावून माझं माप घेतलं, पडदा पुन्हा ओढला, माप चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी काचेच्या दुकानात धाडली.

दुकान आता म्हाताऱ्या काचवाल्याची सून चालवते. काचवाल्या काकू. हात निवांत, जीभ धारदार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नवी काच घेऊन हजर झाल्या. म्हणजे माझी सवत! कोरी करकरीत, अंगावर एक ओरखडा नाही. काकूंनी पडदा काढून तिला चौकटीसमोर धरलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. सवत चौकटीपेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठी.

"मास्तर, हे माप कुणी घेतलं?"

"मी. चोख आहे. वर चारी बाजूंनी एकेक इंच सोडलाय."

"कशासाठी?"

"म्हणजे काय? शिलाईत जातो तेवढा."

काकूंनी काच अलगद भिंतीला टेकवली आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "अहो, काच आहे ही, पँट नाही! हिला कुठे दुमडणार तुम्ही? कापड जास्त कापायचं, काच कमी. चौकटीच्या मापाहून दर बाजूला एक सूत, इंचाचा आठवा हिस्सा, कमी. लाकूड फुगतं, काचेला हलायला जागा नको?"

मास्तरांनी चाळीस वर्षांत मापावरून कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. पण "एक सूत" असं ते हळूच पुटपुटले, म्हणजे पाठ करून घेतलं.

काकूंनी पटाशी काढली आणि माझी जुनी लांबी खरवडायला घेतली. खालच्या फटीतून चिंधी निघाली. मग दुसरी. मग एकापाठोपाठ एक निघतच राहिल्या. "ही फट आहे की तुमच्या गिऱ्हाइकांची वही, मास्तर?" काकू म्हणाल्या.

मास्तर जवळ येऊन एकेक चिंधी हातात घ्यायला लागले. डोळ्यांनी नाही, बोटांनी ओळखत होते. "हा पोस्टमनचा कोट. हे डॉक्टरांचं जाकीट. हा त्या पोटवाल्यांचा, दोनदा सैल करून दिला."

"आणि मशीन विकताय असं ऐकलं, ते का?" काकूंनी विचारलं.

"डोळे गेले, काकू."

काकू थांबल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, मग काढलेला पडदा बघितला, माझ्यावरची सात ठिगळं मोजली. "मला दारातून आत आल्यावर तुम्ही कुठे बसलाय ते दिसलं नाही, तुमच्या खोकल्यावरून कळलं. आणि डोळे तुमचे गेले?"

दारात चहा घेऊन उभ्या वहिनींनी कपबशी खाली ठेवली आणि तो पडदा गोळा करून उचलला.

मग काकूंनी मला बाहेर काढलं आणि गोणपाटावर टेकवून ठेवलं. माझ्या रिकाम्या जागेतून सगळा दिवस एकदम खोलीत शिरला. मास्तरांनी डोळे मिचकावले.

पुढचं काम मी स्वतः बघितलं. असं आपलं घर दुसरीसाठी सजताना बघण्याची वेळ कुणावर येऊ नये! काकूंनी चौकटीची खाच झाडून स्वच्छ केली. खालचं लाकूड पेचकसानं टोचून पाहिलं, भुसभुशीत होतं तेवढं खरवडून भरलं. कोरड्या लाकडाला जवसाचं तेल फिरवलं, नाहीतर लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि लांबी लगेच सुकते. सवतीला कापायच्या टेबलावर आडवी घालून हिरकणीनं कापलं. किर्रर्र! मास्तरांनी श्वास रोखला होता. खाचेत लांबीचा पातळ थर दिला, सवतीला त्यात कडेनं दाबून बसवलं, मधे अजिबात हात नाही. बारीक खिळ्यांनी अडकवलं आणि बाहेरून लांबीचा उतार दिला, म्हणजे पाणी थांबत नाही.

"पंधरा दिवस बोट लावायचं नाही. मग रंग. रंगाची कड काचेवर रेघभर येऊ द्या, फट बंद होते. आणि मास्तर, काही हललं, पडलं, तडकलं तरी कापडाला हात लावायचा नाही. मला बोलवायचं."

मला वाटलं, आता माझी रवानगी भंगारात. पण काकूंनी मला उलटसुलट करून पाहिलं. "वरचा अर्धा भाग ठणठणीत आहे हिचा." आतल्या दारावरच्या झरोक्याला कित्येक वर्षं फळी मारलेली होती. काकूंनी माझ्यावरून हिरकणी फिरवली. दुखलं, सांगते. तडा गेला, ठिगळं गेली आणि अर्धी मी त्या झरोक्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मशीनवर बसले. मशीन घेणारा यायला तासभर होता. खुंटीवर एक कोट पुरा करायचा होता, शेवटचा. मास्तरांनी तो उजेडात धरला आणि त्यांचा हात थबकला. त्यांनी कोट उलटा केला. कॉलर बघितली. बाही बघितली. मी वरून बघत होते, माझा जीव टांगणीला लागला.

"ही टीप माझी नाही," मास्तर म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघरातून दारात आल्या, माझ्या अगदी खाली.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षापासून."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्ही रोज म्हणायचा, आज हात छान चालला. कुठल्या तोंडानं सांगणार?"

मास्तर टिपेवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी सुई घेतली आणि काळा दोरा ओवून बघितला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा गेला. "उजेड होता तरी तीनदा," ते म्हणाले. "म्हणजे खिडकी गेली होती, आणि डोळेही थोडे गेलेत. दोन्ही खरं."

मशीन घेणारा आला तेव्हा मास्तर जागेवर नव्हते. जागेवर वहिनी बसल्या होत्या, पाठ ताठ, कान लाल. मास्तर कापायच्या टेबलापाशी खडू घेऊन उभे. "मशीन द्यायचं नाही," त्यांनी सांगितलं.

"पण तुम्हीच म्हणालात ना, डोळे..."

"मोठं दिसतं अजून. कापीन मी. शिवेल ही. माझ्यापेक्षा सरळ शिवते."

"मग मला बोलावलंत कशाला?"

मास्तरांनी शेजारची खुर्ची पुढे केली. "खिडकी बघा ना. नवीन बसवलीय."

तो बिचारा चहा पिऊन, खिडकीची तारीफ करून गेला.

तर माझं हे असं आहे. आता माझ्यातून रस्ता दिसत नाही, भांग नीट करणारे दिसत नाहीत. सवतीचं कौतुक दिवसभर कानावर येतं, तेही सोसते. पण तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरी आमच्यापैकी कुणी असेलच. वर्षातून एकदा तिच्या कडेच्या लांबीवर नख फिरवून बघा. भुगा पडला तर वेळेवर माणूस बोलवा. आणि पुसाल तेव्हा दोन्ही बाजूंनी पुसा, बाहेरची बाजू शेजाऱ्यांची नसते.

आता थांबते. खाली मशीन सुरू झालंय. वहिनी आज पहिल्यांदा दुपारी पुढच्या खोलीत, उजेडात बसून शिवताहेत, आणि मास्तर जेवून आडवे न होता शेजारी बसून काजं करताहेत. एक काज वाकडं झालंय. वहिनींनी ते बघितलं, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "उसवा ते!"