दुसऱ्या लपणातली गणती

माझं चष्म्याचं दुकान आहे. त्यामुळे सासऱ्यांच्या डोळ्यांत काय बिघडलंय ते डॉक्टरांच्या आधी मला कळलं. नजरेचा मधला भाग पुसट झालाय. कडेचं दिसतं, समोरचं विरघळतं. यावर चष्मा नाही. हे मी जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं, तर म्हणाले, "जावईबापू, दुकान चालत नसेल तर सरळ सांगा. दोन चष्मे घेतो."

सव्वीस वर्षं हा माणूस पाणथळीवरच्या वार्षिक पक्षिगणतीत दुसऱ्या लपणात बसतोय. लपण म्हणजे काठावरची लाकडी खोली. आडव्या फटीतून आपण बाहेर बघायचं, पक्ष्यांना आपण दिसायचं नाही. एका लपणात दोघं. एकमेकांशी न बोलता मोजायचं, आपापल्या कागदावर लिहायचं आणि दोन आकड्यांत शंभरामागे दहापेक्षा जास्त फरक पडला तर गणती बाद. गेल्या वर्षी आकडे जुळेनात, शेवटी जोडीदार शाळामास्तरांनी पुन्हा मोजून आपला आकडा खाली आणला. अभयारण्याच्या अधिकारी बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, "पुढच्या खेपेला असं झालं, तर हे लपण दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल." तेव्हापासून सासऱ्यांचं जेवणातसुद्धा लक्ष नव्हतं. यंदा मास्तर येईनात, म्हणून बायकोनं मला पिटाळलं. "बाबांचे आकडे जुळले पाहिजेत. कसे, ते तू बघ."

मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. आठवडाभर सासऱ्यांनी चित्रं दाखवून माझी तयारी करून घेतली होती, आणि शाळेतही मी इतकी बोलणी खाल्ली नव्हती.

पण त्या सकाळी लपणात बसल्यावर मी ती सगळी बोलणी विसरलो. बाहेर धुकं होतं, माझ्या धडधाकट डोळ्यांना काही दिसत नव्हतं, आणि शेजारी हा माणूस कान देऊन सांगत होता. "टिटवी तक्रार करतेय. बांधावर कोल्हा असणार." धुकं जरा विरलं, तर बांधावर कोल्हा. डोक्यावरून काहीतरी सूं करत गेलं. "थापट्या. पाच-सहा आहेत." खरंच सहा बदकं पाण्यावर उतरली, चमच्यासारख्या रुंद चोचीची. मला तर हात जोडावेसे वाटले.

ऊन आलं आणि सगळं पाणी जिवंत झालं. लांब गुलाबी पायांचे शेकाटे चिखलातून असे चालले होते, जणू नवं धोतर भिजायला नको. थापटे मधल्या बेटाच्या अलीकडे-पलीकडे पन्नास-पन्नासांच्या टोळ्या करून पाण्यात गोल फिरत होते, एकानं ढवळलेलं दुसऱ्यानं खायचं. इतकी वर्षं रविवारी दुकानाचा हिशेब करत बसलो, याचा मला मनापासून राग आला.

मग गणती सुरू झाली, बोलणं बंद. मी थापटे मोजायला घेतले. दोनशे तीसपर्यंत ठीक होतं, पण ते मेले फिरायचे थांबेनात! कुठला मोजला, कुठला राहिला, सगळा गोंधळ. शेजारी सासरे मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. घाई नाही, गडबड नाही. शेवटी त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ४१२. मी बघितलं. आणि खाली मान घालून लिहिलं, ४०८.

बाई आल्या, दोन्ही कागद शेजारी धरले आणि खुलल्या. "चारशे बारा, चारशे आठ! वा! आता काही प्रश्नच नाही."

मी कॉलर ताठ केली. सासरे मात्र माझ्याकडे वळले.

"जावईबापू, बेटापलीकडचे किती धरलेत?"

"त्यातच... सगळे आलेत की."

"तिकडे माझी नजर पोचत नाही. तिथला एकही पक्षी मी मोजलेला नाही. मग तुमचे माझ्यापेक्षा कमी कसे भरले?"

बाई फटीतून बाहेर बघू लागल्या.

"दोन्ही कागद बाद करा, बाई. यांनी माझं उतरवलंय. आता हे मोजतील आणि तुम्ही मोजाल. मी यात नाही."

सासऱ्यांनी मला दुर्बिणीशी बसवलं. "दहांचा एक घोळका डोळ्यांत पक्का करा. मग तेवढाच घोळका पाण्यावर पुढे पुढे ठेवत न्या. फिरेनात का!" आवाजात राग नव्हता, हे मला जास्त लागलं. या वेळी मी खरोखर मोजलं. माझे पाचशे तीन. बाईंचे पाचशे एकवीस.

"पाचशेच्या वर!" सासऱ्यांचा चेहरा उजळला. "ऐकलंत? पाचशेच्या वर आहेत!" आपली जागा गेली हे त्या घडीला त्यांच्या गावीही नव्हतं. मग ते हळूहळू बाकावर बसले.

"गेल्या वर्षीही असतील. मास्तर चारशे ऐंशी म्हणत होते. मीच ओरडून त्यांना खाली आणलं. म्हणून बिचारे यंदा आले नाहीत. बाई, गणतीच्या वहीत लिहा. मास्तरांचा पहिला आकडा बरोबर, माझा चूक."

"अहो, आता कशाला? झालं गेलं."

"सव्वीस वर्षांच्या आकड्यांत एक खोटा नको. लिहा."

बाईंनी लिहिलं आणि सहीसाठी वही पुढे केली. मी सासऱ्यांच्या जागी असतो तर पाठीचं दुखणं सांगून केव्हाच घरी गेलो असतो. सासऱ्यांनी वही नाकाशी नेली, मान इकडे वाकवली, तिकडे वाकवली. आणि माझ्या हातात दिली.

"वाचून दाखवा," ते म्हणाले. "मला दिसत नाही."

मी वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीत त्यांची चूक लिहिलेली आली आणि मी थांबलो.

"पुढे?" ते म्हणाले.

मी शेवटपर्यंत वाचलं. मग त्यांचं बोट धरून रेघेवर टेकवलं, आणि त्यांनी सही केली.