मडक्यातल्या कोऱ्या सुया

मित्रांनो, जवळ या, पण माझ्या आत हात घालू नका. एवढं एक ऐका माझं. मी पत्र्याचा डबा आहे; म्हातारा, गंजका आणि जरा तोंडाळसुद्धा. अंगावरच्या लाल रंगाचे पोपडे निघालेत, झाकणाची बिजागरी कुरकुरते. तरी मला भंगारात द्यायला कुणी तयार नाही. ते का, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म तेलासाठी झाला. पोटात शेंगदाण्याचं तेल भरून मी नाशिकला आलो तो पंचवटीतल्या एका भजीवाल्याकडे. काय तो थाट होता माझा! सकाळ झाली की मालक आधी माझ्याकडे वळायचा. पण तेल संपलं आणि त्याच मालकाने मला दुकानामागे भिरकावून दिलं. पावसाचं पाणी साचलं, त्यात डास झाले. कुणी ढुंकून बघेना.

मग चिमाजी नावाच्या पत्राकाम करणाऱ्या कारागिराने मला उचललं. त्याने माझं तोंड कापलं, झाकण बसवलं, झाकणाला बोटभर रुंद फट पाडली, बाजूला कडी लावली आणि वरून लालभडक रंग दिला. मला वाटलं, आता आपण देवळातली दानपेटी होणार! स्वारी जाम खूश. पण कसली दानपेटी अन् कसलं काय! माझ्या पोटात पडल्या त्या वापरलेल्या सुया.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्या काळी नदीवरच्या पुलाखाली काही तरणी पोरं बसायची. त्यांना गर्दचं, म्हणजे हेरॉइनच्या भुकटीचं, व्यसन लागलेलं. लोक त्यांना गर्दुल्ले म्हणायचे आणि नाकाला रुमाल लावून पुढे जायचे. आधी ती धूर ओढत, मग सुईने टोचून घेऊ लागली. एकच सुई सगळ्यांना फिरायची. "एका ताटात जेवतो आपण, मग एका सुईने काय बिघडतं?" असं त्यांचं म्हणणं. एकट्याने वेगळी सुई काढली तर तो दोस्तीतून उठला असं समजायचे. त्या सुईतल्या रक्ताच्या थेंबातून एचआयव्ही एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जायचा. आधीच्या दहा वर्षांत कितीतरी पोरं वाळून वाळून गेली होती. घरचे म्हणायचे, टीबी झाला.

साधनाताई नावाच्या एका कार्यकर्तीने तिथे जवळच दोन खोल्यांचं केंद्र काढलं आणि चिमाजीकडून मला तिथे आणलं. नियम सोपा होता. जुनी सुई आणा, माझ्या पोटात टाका आणि नवी, पाकीटबंद सुई घेऊन जा. केंद्रात काम करणारा नवनाथ मला सायकलच्या कॅरिअरला बांधून पुलाखाली न्यायचा. तो स्वतः एकेकाळी त्याच पुलाखाली बसलेला, त्यामुळे पोरं त्याचं ऐकायची. वस्तीतले लोक मात्र भांडायला यायचे. "सुया वाटता? लाज नाही वाटत?" साधनाताई शांतपणे सांगायच्या, "व्यसन सुटायला वेळ लागतो हो. तोवर पोरगा जिवंत तर राहायला हवा."

मला हे वाक्य फार आवडायचं. आपण घाण खातो, पण कुणाचा तरी जीव राखतो, असं वाटून मी कॅरिअरवर ताठ बसायचो.

त्या पोरांत एक लहानू होता. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा. आई साळूबाई फुलबाजारात हार विकायची. बाप लहानपणीच गेलेला. लहानू सुरुवातीपासून केंद्रात यायचा. त्याचं रक्त तपासलं, तर रिपोर्ट चांगला निघाला! नवनाथने त्याला मिठीच मारली. "लहान्या, वाचलास बघ! आता दुसऱ्याच्या सुईला हात लावायचा नाही."

"नाय लावत, दादा. आईची शपथ."

त्या दसऱ्याला गंमतच झाली. लोक गाड्यांना, अवजारांना झेंडूचे हार घालतात ना, तसा लहानू आईने ओवलेला एक हार घेऊन आला आणि चक्क माझ्या गळ्यात घातला. पोरं हसली. लहानू म्हणाला, "हसता काय रं? आपलं शस्त्र हेच हाय!" मित्रांनो, दानपेटीला तरी कुणी असा हार घातला असेल का? मी दिवसभर तोऱ्यात होतो. त्याच दिवशी त्याने साधनाताईंना शब्द दिला की फुलांचा हंगाम सरला की तो व्यसन सोडवायच्या दवाखान्यात भरती होईल. तेवढा हंगाम त्याला नीट सांभाळायचा होता.

पण मग काहीतरी बिनसलं. लहानू रिकाम्या हाताने यायला लागला.

"जुन्या कुठायत?" नवनाथ विचारायचा.

"हरवल्या."

"आणि नव्या दिलेल्या?"

"त्या बी हरवल्या."

एकदा दिल्या, दुसऱ्यांदा दिल्या. पुन्हा तेच झालं तेव्हा नवनाथ सगळ्यांसमोर बोलून गेला, "काय रे, विकतो का काय सुया?" पोरं खो खो हसली. लहानूचा चेहरा पडला. त्याने माझ्या झाकणावर नुसता हात फिरवला, पूल चढून निघून गेला आणि नंतर आलाच नाही. नवनाथ त्याला शोधत कितीदा तरी फुलबाजारापर्यंत गेला. पण केंद्राचा दुसरा एक नियम होता. कुणाच्या घरी काही कळवायचं नाही. पोरांचा विश्वास त्यावरच टिकून होता. म्हणून तो साळूबाईंच्या टोपलीसमोर उभा राहायचा, हार विकत घ्यायचा आणि तसाच परत यायचा.

लहानू पुन्हा आला तो चार-पाच वर्षांनी, एका उन्हाळ्यात, वाळलेल्या काडीसारखा. तपासणी झाली. या वेळी रिपोर्ट वाईट होता. नवनाथ भिंतीकडे तोंड करून रडला. औषधं सुरू करायला दवाखान्यात नेलं, पण सोबत टीबीही होता आणि फार उशीर झाला होता. दिवाळी यायच्या आत लहानू गेला. मी कॅरिअरवरच होतो, मला कोण सांगणार? नवनाथने सायकल धरली आणि त्याला पायडल मारता येईना, तेव्हा मला कळलं.

दहावा उरकल्यावर साळूबाई केंद्रात आल्या. काखेत एक मडकं होतं, तोंडावर फडकं बांधलेलं. आल्या त्या थेट नवनाथच्या अंगावर.

"तूच ना रं सुया वाटतो? घे तुझ्या सुया! ह्यांनीच खाल्लं माझं पोर!"

त्यांनी फडकं सोडलं आणि मडकं माझ्याशेजारी उपडं केलं. सुयांचा ढीग पडला. काही वापरलेल्या होत्या, पण बहुतेक कोऱ्या. पाकिटंसुद्धा फोडलेली नव्हती.

"सदरा धुताना खिशात सापडायच्या," साळूबाई सांगत होत्या. "जुन्या घावल्या जुन्या काढल्या, नव्या घावल्या नव्या काढल्या. मला वाटलं, सुईच नसंल तं टोचंल कशानी? फेकू तरी कुठं? वावरात बाया अनवाणी चालत्यात. मंग उतरंडीच्या तळच्या मडक्यात लपवल्या. लय राखलं रं मी त्याला. तरी गेला."

नवनाथ खाली बसला. पाकिटं हातात घेऊन बघत राहिला. साधनाताईंनी त्याला डोळ्यांनी खुणावलं, काही बोलू नको म्हणून. पण साळूबाई बघत होत्या.

"गप का झाला?"

"काही नाही मावशी. तुम्ही पाणी घ्या."

"पानी नको मला. ह्या सुयांत काय बघतो?"

"या कोऱ्या आहेत, मावशी."

"मंग?"

"या त्याने वापरल्याच नाहीत."

साळूबाईंनी एक पाकीट उचललं, उलटसुलट करून पाहिलं. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मंग त्यानं कुनाची वापरली?"

 उत्तर त्यांचं त्यांनाच कळलं. साळूबाईंनी असा काही हंबरडा फोडला की माझा पत्रा थरथरला. अरे देवा! त्या माउलीची काय चूक होती? साऱ्या पुलाला आम्ही समजावलं, पण त्या पोरांच्या आयांना कुणी चार शब्द सांगितले नव्हते. आणि लहानूनेही आईचं नाव कधी पुढे केलं नाही. विकतो म्हणून ऐकून घेतलं, पण आई काढून घेते असं म्हणाला नाही.

नवनाथने पाकिटं तपासली. बऱ्याचशांची तारीख उलटून गेली होती, त्या कुणाला देण्यासारख्या उरल्या नव्हत्या. साळूबाईंनी त्या स्वतःच्या हाताने एकेक करून माझ्या फटीत टाकल्या. आजवर मी हजारो वापरलेल्या सुया गिळल्या, मित्रांनो. पण त्या कोऱ्या सुया मला गिळवेनात.

बऱ्याच दिवसांनी साळूबाई पुन्हा आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, ह्या पोरांच्या आयांना कोन सांगतं?"

"कुणीच नाही," साधनाताई म्हणाल्या.

"मंग मी सांगते."

तेव्हापासून ज्या पोराने हो म्हटलं, त्याच्या घरी त्या जायच्या. चुलीपुढे बसायच्या. "लपवू नको गं बाय," एवढ्यापासून सुरुवात करायच्या आणि स्वतःच्या मडक्याची गोष्ट सांगायच्या. सांगताना दर वेळी रडायच्या, पण सांगायच्या. पुढच्या काही वर्षांत पुलाखालचे नवे वाईट रिपोर्ट कमी कमी होत गेले. लहानूबरोबरचा एक जण आज रिक्षा चालवतो, त्याला दोन मुली आहेत. दुसरा घोटीला भाताच्या गिरणीत आहे. ती पोरं भेटायला आली की मला आनंद होतो, आणि लगेच लहानू आठवतो. त्यालाही असंच यायचं होतं.

आता केंद्रात प्लास्टिकचे नवे डबे आलेत. मी कोपऱ्यात असतो. मित्रांनो, माझी काळजी नका करू, मी पत्रा आहे. पण तुमच्या घरातलं, गल्लीतलं कुणी वाट चुकलेलं दिसलं तर त्याला नाव ठेवू नका. त्याच्या खिशात काही सापडलं तर लपवण्याआधी त्याच्याजवळ बसा, विचारा. आणि कुणी शरमेने मान खाली घालून निघालं तर त्याला असंच जाऊ देऊ नका.

दर दसऱ्याला साळूबाई अजून मला झेंडूचा हार घालतात. पूर्वी त्या सुईने सरसर हार ओवायच्या, साऱ्या फुलबाजारात त्यांच्याइतका हात कुणाचा चालत नसे. लहानू गेल्यापासून त्यांनी सुई हातात धरलेली नाही. माझा हार त्या एकेका फुलाला दोऱ्याची गाठ मारून करतात, आणि तो पुरा व्हायला त्यांना सकाळची दुपार होते.