ब्रेकमास्तरांची मांडी

"मास्तर, आधी पाय खाली घ्या बघू!" नर्सबाई जवळजवळ ओरडल्याच. स्टिअरिंग त्यांनी असं आवळून धरलं होतं, की जणू कुणीतरी ते हिसकावूनच नेणार होतं.

मास्तरांनी बूट काढून मागच्या सीटवरच्या आपल्या नातीकडे दिले होते आणि शेजारच्या सीटवर मांडी घालून ते निवांत बाहेर बघत होते.

"पाय खाली घेतले की तुम्ही माझ्या भरवशावर चालवाल," ते म्हणाले. "आज माझा भरवसा सुट्टीवर आहे. समोर बघा, सायकलवाला येतोय."

"आणि मी त्याला धडकले तर?"

"तुम्ही दवाखान्यातच असता. सोय होईल."

मागे नात खुदकन हसली. नर्सबाईंनीही हसू दाबलं आणि त्या नादात त्यांचा पाय अगदी अलगद, अगदी वेळेवर ब्रेकवर गेला. गाडी हळू झाली, सायकलवाला शीळ घालत निघून गेला. आपण काय केलं हे नर्सबाईंना थोड्या वेळानं कळलं, आणि मग गोदामांच्या त्या रिकाम्या रस्त्यावरून त्या गाणं गुणगुणत गाडी हाकू लागल्या.

मास्तरांचं सगळं आयुष्य त्या शेजारच्या सीटवर गेलं. त्यांच्या पुढ्यात स्टिअरिंग नव्हतं. पायाशी तेवढा एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच होता. गावात त्यांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत. शिकवणीच्या शेवटच्या दिवशी बूट काढायचे आणि मांडी घालायची, ही त्यांची रीत होती. शेजारी ब्रेक आहे हे माहीत असेपर्यंत माणूस स्वतःचा ब्रेक शोधत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण खात्री झाल्याशिवाय त्यांनी कधी बुटाची नाडीही सैल केली नाही. कुणाच्या वाट्याला तो दिवस आठ दिवसांत आला, एका शिंप्याला तर वर्षभर थांबावं लागलं.

मास्तर आणि नात घरी पोचले तेव्हा आत भांडण चाललं होतं.

"बाई, तुला कुणी बोलावलं? तू गप्प बस!" आजी म्हणत होत्या.

"माफ करा, मला समजलं नाही. मी तुमची काय मदत करू?" फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली.

"बघा. पुन्हा आली!"

आजींची नजर हळूहळू गेली होती. आता त्यांना फक्त उजेड आणि सावल्या कळत. त्यांचा फोन त्यांना गोष्टी वाचून दाखवायचा. फोन जुना होता, पण त्याच्या खालच्या बाजूला खरंखुरं, बोटाला लागणारं बटण होतं आणि त्या बटणाच्या आधारानं आजी अख्खा फोन हाताळत. पण वय झालं तशी बोटं थरथरू लागली, बटणावर जरा जास्त वेळ रेंगाळू लागली. आणि बटण जास्त वेळ दाबलं की कंपनीची ही मदतनीस बाई टपकायची. नायिका विहिरीच्या काठावर उभी आहे, पुढे काय होतं म्हणून आजींचा जीव कासावीस झालाय, आणि ही विचारणार, मी तुमची काय मदत करू?

तिला बंद करायची सोय कंपनीनं ठेवलीच नव्हती. गेले काही दिवस फोन कपाटातच पडून असे. दुपारी मास्तर स्वतः वाचून दाखवत आणि दुसऱ्या पानावर झोपी जात.

"हिचा बाबा पुढच्या रविवारी नवा फोन आणतोय," मास्तर म्हणाले.

"काचेचा तुकडा!" आजी म्हणाल्या. "कुठं बोट ठेवायचं तेच कळत नाही. त्यापेक्षा मी गोष्टी ऐकणं सोडते." त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं.

नात समोर येऊन बसली. मास्तर तिला पायलट म्हणत. "आजी, एक उपाय आहे. पण त्यात धोकाही आहे."

"सांग. धोक्याला मी भीत नाही, मी यांच्याशी लग्न केलंय."

"फोन तुझा आहे, पण त्याच्या आतल्या काही खोल्यांना कंपनीनं कुलूप लावलंय. बटणानं काय करायचं हे त्या कुलूपबंद खोलीत लिहिलेलं असतं. ते कुलूप काढून फोनचा पूर्ण ताबा आपल्याकडे घ्यायचा, त्याला रूट करणं म्हणतात. मग ती बाई जाईल, आणि बटण दाबून धरलं की थेट गोष्ट सुरू होईल."

"आणि बिघडलं तर?"

"तर फोन कधीच सुरू होणार नाही. मुलं म्हणतात, फोनची वीट झाली."

"दार वाऱ्यानं आपटतं, तिथं लावू," आजी म्हणाल्या. पण त्यांचा अंगठा बटणावरून फिरत राहिला. असा बटणाचा फोन आता कुठल्याच दुकानात मिळत नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मास्तरांनी नातीकडे पाहिलं. "तू हे कधी केलंयस?"

"शाळेतल्या कॉम्प्युटरच्या ताईंनी एका टाकाऊ फोनवर करून दाखवलं. मग दुसऱ्या टाकाऊ फोनवर माझ्याकडून करून घेतलं."

"जमलं?"

"दुसऱ्यांदा."

"पहिल्यांदा काय झालं?"

"घाई."

मास्तर हसले. "म्हणजे नीट शिकलीस. आजी हो म्हणाली तर याच रविवारी सकाळी बसू. फोन तिचा आहे."

आजी हो म्हणाल्या.

रविवारी जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं. आजींच्या खुर्चीला लागून मास्तरांची खुर्ची, समोर नात आणि तिच्या बाबांचा जुना लॅपटॉप. नातीनं वायर जोडायला घेतली.

"अं हं," मास्तर म्हणाले. "गाडीत बसायच्या आधी काय?"

"गाडीभोवती एक फेरी," नात कंटाळून म्हणाली. हे तिनं मागच्या सीटवरून हजारदा ऐकलं होतं. "आजोबा, मी सगळं पाहिलंय. चार्जिंग पूर्ण आहे. फोनचं मॉडेलही उतरवून घेतलंय, त्याच मॉडेलची फाइल आणलीय."

"कुठून उतरवून घेतलंस?"

"खोक्यावरून. आजी त्यात शिवणाची बटणं ठेवते ना, त्याच."

"खोका म्हणजे गाडी नव्हे. गाडी बघ."

नातीनं सुस्कारा सोडला, फोनची सेटिंग्ज उघडली आणि मॉडेलचा नंबर मोठ्यानं वाचू लागली. वाचता वाचता थांबली. मग तिनं खोका ओढून घेतला आणि आळीपाळीनं दोन्हीकडे बघत राहिली.

"शेवटचा आकडा वेगळा आहे!"

"अगोबाई," आजी म्हणाल्या, "तो खोका यांच्या फोनचा असेल. एकाच दिवशी दोन घेतले होते. यांचा धुण्याच्या बादलीत बुडून वारला. खोके कोण निरखून बघतंय?"

"आजोबा, ही फाइल घातली असती तर..." नातीचा चेहरा उतरला.

"तर वीट. पण घातली नाहीस. फेरी कशासाठी असते?" मास्तरांनी एवढंच विचारलं आणि पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. खऱ्या मॉडेलची फाइल शोधायला बराच वेळ गेला. कुठल्याही भलत्या ठिकाणाहून घ्यायची नाही, असं ताईंनी बजावलं होतं. मिळालेली फाइल पूर्ण उतरली की अर्धीच, हेही तिनं तपासलं.

"आता कुलूप निघालं की फोनमधलं सगळं पुसलं जाणार," ती म्हणाली. "म्हणून सगळं काल लॅपटॉपवर काढून ठेवलंय. आजीचे फोटो, नंबर, मावशीआजीचे निरोप."

"ठेवलंय म्हणतेस ना? वाजवून दाखव," मास्तर म्हणाले.

नातीनं एक निरोप लावला. लॅपटॉपमधून खणखणीत आवाज आला, "अगं ताई, फोन उचल की! मेलीस की काय?"

तिघंही हसले. आजींच्या त्या धाकट्या बहिणीला जाऊन दोन उन्हाळे झाले होते. आजी हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, "आणखी एकदा लाव." नातीनं पुन्हा लावला. मग तो सगळा साठा एका पेनड्राइव्हवरही उतरवला, कुणी न सांगता.

"आणि स्टेपनी?" मास्तरांनी विचारलं.

"आहे. फोनची मूळ फाइल वेगळी ठेवलीय. काही बिनसलं तर ती परत घालायची."

"मग माझं विचारणं संपलं."

नातीनं फोन बंद करून दोन बटणं एकदम दाबली. काळ्या पडद्यावर इशारा उमटला. तिनं तो आजींना ऐकू जाईल असा वाचला: कुलूप काढल्यास सगळी माहिती पुसली जाईल, वॉरंटी राहणार नाही, पुढची जबाबदारी तुमची. खाली दोन पर्याय होते, हो आणि नाही.

तिचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच थिजलं.

"आजोबा, तुम्ही दाबा ना."

"मी?"

"माझ्या हातून बिघडलं तर आजीच्या गोष्टी गेल्या. बाबा तर म्हणालेच होते, तिच्या हातात देऊ नका. तुम्ही दाबा. नाहीतर निदान माझ्या हातावर हात तरी ठेवा."

मास्तरांची खुर्ची जराशी कुरकुरली. टेबलाखाली कसलीशी हालचाल झाली.

आजींना दिसत नव्हतं. त्यांनी टेबलाखाली पाऊल पुढे सरकवलं, इकडेतिकडे चाचपलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"पायलट," त्या म्हणाल्या, "चपला रिकाम्या आहेत गं. दोन्ही."

नातीनं मान वर केली. आजोबा जेवणाच्या खुर्चीत कशीबशी मांडी ठोकून, हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत होते, जणू रस्ता मोकळा आहे आणि वारा छान सुटलाय.

तिनं 'हो' दाबलं.

मग ती एकदाही थबकली नाही. फोन पुसला गेला, कुलूप निघालं. तिनं ताब्याची फाइल चढवली. फोन बंद झाला, कंपनीचं चिन्ह उजळलं, आणि फोन तिथंच अडकला. चिन्ह तसंच लुकलुकत राहिलं.

"आजोबा! अडकला!" तिचा हात वायरीकडे झेपावला, आणि अर्ध्यावर आपणहून थांबला. "नाही. पहिल्यांदा वेळ लागतो. ताई म्हणाल्या होत्या. वायर ओढायची नाही."

मास्तर खिडकीबाहेरच बघत होते. मात्र त्यांच्या पायाचा अंगठा एका न दिसणाऱ्या ब्रेकवर जोरात दाबलेला होता, हे कुणालाच दिसलं नाही.

चिन्ह विझलं. पडदा उजळला. "नमस्कार," फोन म्हणाला.

"वीट बोलली!" आजींनी टाळी वाजवली.

नंबर, फोटो, निरोप परत भरून झाले. पैशांचं ॲप तेवढं नातीनं परत घातलं नाही. कुलूप काढलेल्या घरात तिजोरी नको, ते बाबांच्या फोनवर बरं, असं तिनं सांगितलं. इतक्यात फोननं विचारलं, टॉर्चच्या ॲपला संपूर्ण ताबा द्यायचा का?

"आजी, तू सांग. मालकीण तू."

"कंदिलाला घराच्या किल्ल्या कशाला?" आजी म्हणाल्या. "नाही म्हण त्याला."

"आणि वाचणाऱ्या ॲपला? बटणापुरता?"

"त्याला दे. तो आपला माणूस आहे."

मदतनीस बाईला निरोप देताना आजींनी तिला नीट वागवलं. "जा बाई, सुखी राहा. तुला मदतच करायची होती, कळत होतं मला." मग नातीनं फोन त्यांच्या हातात ठेवला. आजींनी अंगठा बटणावर टेकवला. तो नेहमीसारखा थरथरला, रेंगाळला.

विहिरीच्या काठावरची नायिका बोलू लागली.

आजी फोन कानाशी धरून उठल्या, पायांनी चपला शोधल्या, मिळाल्या त्या घातल्या आणि गॅलरीकडे चालू लागल्या. मास्तरांनी सवयीनं हात पुढे केला. एरवी त्या हाताला धरूनच आजी गॅलरीत जात. आज त्यांनी एक हात भिंतीवरून फिरवत नेला आणि गोष्टीत रमून एकट्याच बाहेर गेल्या. पुढे केलेला हात मास्तरांनी जरा वेळ तसाच ठेवला आणि मग हळूच मागे घेतला.

"आजोबा, पाय सोडा आता," नात म्हणाली. "झालं सगळं."

"मुंग्या आल्यात. सुटत नाहीत." गुडघा चोळत त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. "आणि माझ्या चपला गेल्या कुठं?"

नातीनं गॅलरीकडे बोट दाखवलं. उन्हात आजी उभ्या होत्या, कानाशी गोष्ट, आणि पायांत त्यांच्याहून कितीतरी मोठ्या चपला. फरशीवर त्या फटक फटक वाजत होत्या.

मास्तर अनवाणीच चहा ठेवायला उठले.